खिळे, सुई-दोरा आणि कचऱ्याच्या पिशव्या

मैत्रिणींनो, घरातली बारीक सुई ऐन गरजेच्या वेळी कुठे सापडेल, हे तुमच्यापैकी कितीजणींना डोळे मिटून सांगता येईल? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! शिलाई मशीनच्या खणात, नाहीतर बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. पण मी आज तुम्हांला ज्या गावाची हकीगत सांगणार आहे, त्या गावात एवढीशी सुई मिळवायला मला दोन रात्री लागल्या आणि तिच्यापायी पाच घरं धुंडाळावी लागली. त्या पाचांपैकी तीन घरांत मढी हिंडत होती.

दचकू नका. हे गाव अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं आणि मढी कॉम्प्युटरच्या पडद्यावरची. मुलं त्यांना झोंबी म्हणतात. आमच्या सासूबाईंनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना वाटलं, नातू कुस्तीचा खेळ खेळतो आहे. झोंबी म्हणजे झोंबाझोंबी, दुसरं काय! त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. खेळात तीच चालते.

आता मी, अडतिशी गाठलेली, सकाळी अर्धा वेळ शाळेत इतिहास शिकवणारी आणि उरलेला वेळ घर सांभाळणारी बाई, या भानगडीत कशी पडले ते सांगते. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा ओंकार आमच्याकडे सांगलीला राहायला आला. बारावीनंतर दोनदा 'नीट' दिली, दोन्ही वेळा गुण कमी पडले. ताईच्या घरी रोज उठून तोच विषय, म्हणून हवापालट करायला आणि तिसऱ्यांदा अभ्यास करायला त्याला आमच्याकडे धाडलं. तो आला तो एक बॅग आणि एक भलामोठा कॉम्प्युटर घेऊन. मागच्या खोलीत त्याने तो मांडला, दार लोटून घेतलं आणि मग जेवायला हाक मारली की, "आलो मावशी", याच्यापलीकडे आम्हांला त्याचा आवाज ऐकू येईना. मुलगा मुळात गुणी बरं का. ताट घासून ठेवायचा, सासूबाईंची औषधं आणून द्यायचा. पण बोलणं म्हणून नाही. रात्री दोन-दोन वाजता दाराच्या फटीतून निळा उजेड दिसायचा.

ताईचा एक दिवसाआड फोन. "तो डबा आधी त्याच्याकडून काढून घे!" आमच्या यांचंही मत तेच पडलं. मला मात्र एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातातून खेळणं हिसकावून घेण्याची कल्पनाच रुचेना. शाळेत मी पाहते, जप्त केलेल्या वस्तूबरोबर मूलही आपल्यापासून दूर जातं. म्हटलं, काढून घ्यायचंच असेल तर निदान काय काढून घेतो आहोत ते तरी बघावं. म्हणून एका रात्री थालीपिठाची ताटली घेऊन मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

दिवाळीतला मातीचा किल्ला आपण कसा वरून, जरा तिरकस पाहतो, तसं पडद्यावर एक गाव दिसत होतं. रस्ते, अंगणं, मोटारी, आणि छप्पर काढून ठेवावं तशी आतून दिसणारी घरं. एका घरात ओंकारचा माणूस जखमी होऊन बसला होता, हाताला रक्त लागलेलं, आणि ओंकार कपाटातून चांगला नवाकोरा शर्ट काढून त्याच्या चिंध्या करायला निघाला होता. माझ्याने राहवेना.

"अरे, धडका शर्ट काय फाडतोस? तिथे पलंगावर चादर आहे की!"

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदाच. म्हणाला, "शर्टाला बाह्या आहेत मावशी, त्याने ओरखडे वाचतात. तू म्हणतेस ते बरोबर आहे." आणि त्याने चादर फाडली.

इथून सुरुवात झाली.

या खेळाचं नाव 'प्रोजेक्ट झोंबॉइड'. 'द इंडी स्टोन' नावाच्या मंडळींनी तो केला. २०१३ साली तो 'स्टीम' या इंटरनेटवरच्या दुकानात आला आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याची ४१ वी आवृत्ती निघाली, आम्ही खेळतो ती हीच. गोष्टीतला काळ आहे जुलै १९९३. केंटकीतल्या नॉक्स परगण्यात साथ आली आहे, मेलेली माणसं उठून चालू लागली आहेत, आणि आपण एकटे जिवंत उरलो आहोत. परगणा काल्पनिक जागी बसवलेला असला तरी त्यातली मल्ड्रॉ आणि वेस्ट पॉइंट ही गावं आणि लुइव्हिल हे शहर खरोखरच केंटकीत आहेत. खेळ सुरू होतानाच पडद्यावर बजावलं जातं की, ही तुमच्या मरणाची गोष्ट आहे. म्हणजे जिंकणं नाहीच. प्रश्न एवढाच, किती दिवस तगता?

मला वाटलं होतं, नुसती हाणामारी असेल. तीही आहे, आणि ती मला आजही आवडत नाही. पण खेळाचा तीन चतुर्थांश वेळ जातो तो वस्तू गोळा करण्यात. आणि कसल्या वस्तू म्हणता? हिरे-माणकं नव्हेत हो! खिळे, फळ्या, करवत, कात्री, सुई, दोरा, चिकटपट्टी, व्हिनेगर, बरणीचं झाकण, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या. पैशांना काडीची किंमत नाही. नोटा मिळतात, पण त्यांचा उपयोग चूल पेटवायला.

आता या वस्तू मिळतात कुठे, ते ऐका. तुम्ही एखाद्या परक्या घरात पाहुण्या म्हणून गेलात आणि घरच्या बाईला बरं नाही म्हणून स्वयंपाक तुमच्यावर पडला, तर तुम्ही काय करता? साखर कुठे, मीठ कुठे, हे अदमासानेच हुडकता ना? आणि बहुधा ते बरोबर निघतं. इथे हेच कसब कामाला येतं. ओंकार एका टोकाने सगळी कपाटं उघडत जायचा. मी म्हणायचे, अरे, घराचा जरा विचार कर. हातोडी, करवत, खिळ्यांचे डबे राहत्या घरात कशाला असतील? अमेरिकेत मोटारीची खोली वेगळी, मागच्या अंगणात लाकडी खोपट वेगळं, तिथे जा. चिमटा आणि जंतुनाशक औषध न्हाणीघरातल्या आरशामागच्या कपाटात. कचऱ्याच्या पिशव्या मोरीखालच्या कपाटात, नाहीतर चक्क कचऱ्याच्या डब्यात. सुई-दोरा निजायच्या खोलीतल्या खणांत. आणि काहीच मिळालं नाही तर, सांगायला कसंतरी वाटतं, पण पडलेल्या मढ्यांचे खिसे तपासायचे. त्यांच्या अंगावरचे कपडेही वाया जात नाहीत.

कपड्यांचं एक शास्त्रच आहे. सुती कापड हाताने फाटतं. जीनचं कापड आणि चामडं यांना कात्री लागते, पण त्यांची ठिगळं जास्त टिकाऊ. सुताची चिंधी जखमेला बांधायची, जीनचं ठिगळ कोपराला, मानेशी, जिथे ओरखडा बसण्याची भीती तिथे लावायचं. मळलेली चिंधी तशीच ठेवली तर जखम चिघळते, म्हणून धुवायची आणि उकळत्या पाण्यातून काढायची. हे सगळं वाचून तुम्हांला आपल्या आजीची आठवण झाली असेल. मला तर झालीच. सुई मात्र मुलखाची महाग वस्तू. खोल जखम झाली तर टाके घालायला तीच, आणि कपडा सांधायलाही तीच. आपल्याकडे शिवणकाम म्हणजे फावल्या वेळचा उद्योग समजतात. इथे तुमच्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो. दोरा संपला तर जुने कपडे उसवताना थोडाफार दोरा हाती लागतो, आणि जसजसा हात बसत जातो तसतसा जास्त लागतो. हे ज्याने कुणी योजलं त्याने घरी आईला उसवताना नक्की पाहिलं असेल.

खिळ्यांचं तसंच. एक फळी खिडकीवर ठोकायची तर दोन खिळे जातात, आणि एका खिडकीला चार फळ्या बसतात. म्हणजे एका खिडकीमागे आठ खिळे. घराला खिडक्या किती? मोजा तुम्हीच. हातोडी आणि करवत असेल तर टेबल, कपाट, पलंग मोडून फळ्या निघतात आणि नशीब असलं तर दोन-चार खिळेही परत मिळतात. माझे वडील रविवारी सकाळी ओटीवर बसून जुन्या खोक्यांतले वाकडे खिळे पाट्याच्या दगडावर ठोकून सरळ करीत असत आणि आम्ही बहिणी हसत असू. ते मी ओंकारला सांगितलं. त्याने आजोबांना पाहिलेलं नाही. तो म्हणाला, "आजोबा इथे सहा महिने आरामात टिकले असते!"

बिस्किटांच्या डब्याची मात्र माझी निराशा झाली. त्या गावातल्या डब्यांत खरोखर बिस्किटंच असतात!

आणखी एक गंमत तुम्हांला सांगायला हवी. पहिला आठवडाभर तिथला टीव्ही चालू असतो आणि त्यावर एक वाहिनी अशी लागते की, स्वयंपाक कसा करावा, सुतारकाम कसं करावं, मासे कसे धरावेत, हे रोज ठरलेल्या वेळी दाखवतात. बाहेर जग बुडतं आहे आणि आत बाई पाककृती सांगते आहे. मला आपल्या या साप्ताहिकाच्या मधल्या पानांचीच आठवण झाली. ओंकारचा माणूस रोज वेळेवर येऊन टीव्हीसमोर बसायचा, कारण ते पाहिलं की त्याचा हात खरोखरच सुधारतो. पुस्तकांचंही तसं आहे. सुतारकामाचा पहिला भाग आधी वाचला तर काम लवकर अंगवळणी पडतं, आणि दुसऱ्या भागाचा उपयोग पुढच्या टप्प्यावर. मास्तरणीला हे पटणारच! विजेच्या जनित्राचं तर एक मासिकच आहे. ते वाचल्याशिवाय जनित्र जोडता येत नाही. आणि जोडल्यावर ते घरात ठेवलं तर धुराने माणूस दगावतो. ही गोष्ट खेळातली नव्हे, खरीच आहे. ज्यांच्याकडे दुकानात वगैरे जनित्र असेल त्यांनी लक्षात ठेवावी.

पहिल्या महिन्यात कधीतरी, नेमकी कधी ते कळत नाही, गावची वीज जाते आणि नळाचं पाणी बंद होतं. ते होण्याआधी घरातली यच्चयावत भांडी, बाटल्या, न्हाणीघरातलं टाकं भरून ठेवायचं. ओंकारने नुसत्या चार बाटल्या भरल्या होत्या. मी म्हटलं, पातेली भर, कढया भर, फुलदाण्या असतील तर त्याही भर. तो म्हणाला, "मावशी, तू हे आधी खेळली आहेस का?"

खेळले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये. कृष्णेच्या महापुराने सांगलीचं काय केलं ते तुम्ही त्या वेळी टीव्हीवर पाहिलं असेल. आमच्या खालच्या खोल्या पाण्यात होत्या आणि आम्ही पाचजण वरच्या एका खोलीत. चार दिवस. चहूबाजूंनी पाणी आणि प्यायला थेंब नाही. पहिल्या दिवशी आम्ही दागिने, कागदपत्रं, टीव्ही वर नेला. दुसऱ्या दिवशी कळलं की काडेपेटी खालीच राहिली. तुम्हांला सांगते, त्या चार दिवसांत मला सोन्याच्या बांगड्यांची एकदाही आठवण झाली नाही. काडेपेटी, मेणबत्ती, दोरी, सुरी, सेफ्टी पिन आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या! सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावरचं प्लॅस्टिकचं आच्छादन गॅलरीच्या कठड्याला चारी बाजूंनी बांधलं, मध्ये खोलगट ठेवलं आणि पावसाचं पाणी धरलं. तेच गाळून, उकळून आम्ही प्यालो. होडीतून दुधाच्या पिशव्या आल्या तेव्हा चादरीला चादर बांधून बादली खाली सोडली.

म्हणून ओंकारने जेव्हा सांगितलं की, पावसाचं पाणी साठवायचं पिंप करायला चार फळ्या, चार खिळे आणि कचऱ्याच्या चार पिशव्या लागतात, तेव्हा मला समजावून सांगावं लागलं नाही. पाणी अर्थात उकळूनच प्यायचं, तो नियम तिथेही आहे. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "पिशव्या किती झाल्या?" तीन झाल्या होत्या. चौथीसाठी आम्ही तिघं रात्री साडेअकरापर्यंत मल्ड्रॉ गावातल्या मोऱ्यांखालची कपाटं उघडत होतो. ती अखेर एका पेट्रोल पंपावरच्या दुकानात मिळाली. सासूबाई म्हणाल्या, "चला, आता निजा."

पण एक फरक मला सारखा खटकायचा. पुरात आमच्याकडे काडेपेटी नव्हती, ती समोरच्या जोशीकाकूंनी काठीच्या टोकाला पिशवी बांधून गॅलरीतून दिली. आम्ही त्यांना पाणी दिलं. या गावात शेजारीणच नाही. सुई नसेल तर मागायची कुणाकडे? ओंकार म्हणाला, दुसऱ्या माणसांबरोबर मिळूनही हा खेळ खेळता येतो, पण त्याला एकट्यानेच खेळायला आवडतं. "कुणी विचारत नाही, मावशी." हे वाक्य मी मनात ठेवून दिलं.

खेळात माणसाच्या अवस्थेची चित्रं पडद्याच्या कडेला येतात. भूक लागली, तहान लागली, थंडी वाजते, हे तर असतंच. पण कंटाळा आला, मन खिन्न झालं, हेही येतं. त्याच्यावर इलाज पुस्तक वाचणं, बरंचुरं खाणं. एका रात्री त्याचा माणूस वरच्या मजल्यावर कोंडून बसला होता. खाली मढी दार वाजवत होती. अशा वेळी दिवा लावायचा नाही, हलायचं नाही, ती कंटाळून निघून जाईपर्यंत वाट पाहायची. कडेला खिन्नतेचं चित्र आलं. मी म्हटलं, "बिचाऱ्याला कंटाळा आलाय." ओंकार पडद्याकडेच बघत म्हणाला,

"मावशी, मला डॉक्टर व्हायचंच नाहीये."

मग पुढे, थांबून थांबून, बरंच काही. दुसऱ्या वेळच्या परीक्षेत शेवटचा अर्धा तास तो नुसता बसून होता. क्लासवाल्यांनी मुलांच्या गुणांप्रमाणे बाकं लावली होती आणि तो दर आठवड्याला एकेक बाक मागे सरकत गेला. आईला सांगायचा दोनदा प्रयत्न केला, पण दोन्ही वेळा तिने नुसता डोळ्याला पदर लावला.

मी काय बोलणार? उपदेश करायला तोंड उघडलं असतं तर तो पुन्हा मिटला असता. मी विचारलं, "खिळे किती उरलेत?"

"अकरा."

"मग जिन्याला एक फळी ठोकू या का?"

ठोकली. आवाजाने आणखी दोन मढी आली, ते सोडा.

हे सगळं ताईच्या कानांवर घालायचं काम मात्र कुठल्याही मढ्याला तोंड देण्यापेक्षा अवघड. आठ दिवस मी फोन उचलायचे आणि भाजीचे भाव बोलून ठेवायचे. शेवटी ओंकारला विचारलं, मी सांगू की तू सांगतोस? तो म्हणाला, तू सांग, मी शेजारी बसतो. तसं केलं. ताई आधी गप्प झाली. मग म्हणाली, "मी त्याला अभ्यासाला पाठवलं होतं, तुझ्या शेजारी बसून भुतं मारायला नव्हे. तुला बोलायला काय जातंय, तुझी मुलगी अजून पाचवीत आहे." तिचं हे शेवटचं वाक्य खोटं नाही, म्हणूनच लागलं. दोन आठवडे फोन बंद. मग भावोजींचा आला. ते मुलाशी अर्धा तास बोलले. काय बोलले ते ओंकारने सांगितलं नाही नि मीही विचारलं नाही. या जूनमध्ये त्याने कोल्हापूरला बी. एस्सी.ला प्रवेश घेतला. ताई माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखं घळघळून नाही. रक्षाबंधनाला सगळी जमलो तेव्हा तिने मला वाढलं, सगळं वाढलं, फक्त आग्रह केला नाही. बहिणींना कळतं हे.

तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, असा खेळ मुलांच्या हातात द्यावा का? लहान मुलांच्या हातात मुळीच देऊ नये. रक्त आहे, भीती आहे. आमच्या मुलीला निजवल्याशिवाय आम्ही तो लावत नाही, आणि तिने दाराच्या फटीतून पाहू नये म्हणून सासूबाई पहाऱ्याला असतात. मोठ्या मुलांचं म्हणाल, तर रात्री दोनपर्यंत खेळणं कुठल्याच खेळाचं चांगलं नाही. आमच्याकडे साडेअकराची वेळ ठरली, ती पिशव्यांच्या रात्रीपासून.

कॉम्प्युटर आमच्याकडेच राहिला. हॉस्टेलच्या खोलीत जागा नाही, असं कारण ओंकारने सांगितलं. शनिवारी तो सांगलीला येतो. ऑगस्टमधल्या एका शनिवारी त्याचा माणूस मेला. दाराआडून मढं आलं आणि चावलं, आणि या खेळात चावल्यावर उपाय नाही. ओरखड्यातून एखादा वाचतो, चाव्यातून नाही. तीन महिने सांभाळलेला माणूस! मला जेवण गेलं नाही, हसू नका. ओंकार मात्र शांत होता. म्हणाला, "आता तुझी पाळी."

कारण या खेळाची तऱ्हा अशी की, माणूस मेला तरी गाव तसंच राहतं. नवा माणूस घेऊन त्याच जगात पुन्हा उतरता येतं. ठोकलेल्या फळ्या, भरलेली पिंपं, कपाटात लावून ठेवलेले खिळे, सगळं जागच्या जागी. फक्त नव्या माणसाला रिकाम्या हाताने कुठल्यातरी परक्या घरातून सुरुवात करावी लागते आणि तिथवर चालत जावं लागतं.

मी बाई घेतली. व्यवसाय निवडायचा होता. सुतार, परिचारिका, आचारी, पोलीस, अशी यादी आहे. गृहिणी नाही! शोधशोध शोधलं. सगळ्यांत जवळचं म्हणाल तर 'बेकार'. पण त्यात एक मेख आहे. बेकाराला बाकीचे चांगले गुण निवडायला सगळ्यांपेक्षा जास्त सवलत मिळते. मी तीच घेतली. कमी जेवणात भागणं आणि अंधारात बरं दिसणं, हे दोन गुण पहिल्यांदा उचलले.

गेल्या बुधवारी, सगळी निजल्यावर, मी एकटीने तिला त्या घरापर्यंत नेलं. मुख्य रस्ता सोडून परसदारांनी, वाकून, थांबत थांबत. वाटेत एक हातोडी मिळाली. परसदाराने आत शिरले. गच्चीवरची पिंपं काठोकाठ भरलेली होती, आम्ही नव्हतो तेव्हा पाऊस पडून गेला असणार. कपाट उघडलं. मी त्याच रात्री ओंकारला फोन केला आणि यादी वाचून दाखवली. फळ्या चौदा, खिळे त्रेसष्ट, चिकटपट्टी एक, व्हिनेगर दोन बाटल्या, जीनच्या चिंध्या नऊ. सुई नव्हती. ती पहिल्या माणसाच्या पाठीवरच्या पिशवीत आहे, आणि तो आता मढं होऊन समोरच्या गल्लीत हिंडतो आहे. खिडकीच्या फळीच्या फटीतून मला त्याचा निळा शर्ट दिसत होता.

"एकटी जाऊ नकोस मावशी," ओंकार म्हणाला. "शनिवारी मी येतो. तोवर जिन्यावरची फळी काढू नकोस."